सोलापूरच्या सपाटीवरून सिंहगडावर: एमटीबीने (माउंटन बाइकने) घाट चढायचा आणि नीट उतरायचा प्लॅन

सोलापूरात सायकल चालवणारे आता चिक्कार झालेत, पहाटे होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड कुठंही जा, हेल्मेट घातलेली दोन-चार मंडळी दिसणारच, आणि यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एक गोष्ट असते की एकदा सिंहगड मारायचा. प्रश्न एवढाच की आपलं गाव सपाट. पाय तयार असतात, वाऱ्याची सवय असते, ऊन तर विचारूच नका, पण ९ किलोमीटर न थांबता वर चढणारा रस्ता आपल्याकडे नाही आणि तेवढाच सलग उतारही नाही.

मी जे सांगणारे ते थोडं उलटं वाटेल. सगळे जण प्लॅन करताना चढाचाच विचार करतात, गिअर कुठला, दम किती, वेळ किती. पण चढात जास्तीत जास्त काय होईल? दमाल, उतराल, सायकल हातात धरून चालाल. खरी गडबड होते ती उतारात. म्हणून प्लॅन उतारापासून करायला घ्यायचा, किती वाजता खाली यायचं, ब्रेक कसे असले पाहिजेत, अंगावर काय पाहिजे, आणि मग तिथून मागं मागं येत चढाचं ठरवायचं. सोलापूरच्या माणसाला तर हे जास्तच लागू, कारण दम आपण इथं कमावू शकतो, लांब उतार मात्र इथं मिळत नाही.

आधी घाट समजून घ्या

सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १३१२ मीटर. पुण्याच्या नैऋत्येला, खडकवासला धरण ओलांडून डोणजे, मग गोळेवाडीचा वन विभागाचा नाका, आणि तिथून वर पार्किंगपर्यंत डांबरी घाट. हा चढ साधारण ९ किलोमीटरचा आणि उंचीत फरक ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेसहा टक्क्यांच्या पुढंमागं. सरासरी ऐकून फसू नका, काही वळणांवर चढ १० टक्क्यांच्या वर जातो आणि मधे थोडा सपाट तुकडा लागला की ती सरासरी खाली येते. कोंढणपूरकडून येणारा एक रस्ताही या घाटाला मिळतो, पण पहिल्यांदा जाताय तर डोणजे-गोळेवाडीच धरा, रस्ता सरळ आहे आणि पहाटेही तुमच्यासारखे सायकलवाले सोबतीला भेटतात.

तुलनेला आपलं सांगतो. सोलापूर साधारण ४६० मीटरवर, तुळजापूर साधारण ६५० वर, म्हणजे ४५ किलोमीटरमधे मिळून २०० मीटरसुद्धा फरक नाही. तिकडं त्याच्या तिप्पट उंची ९ किलोमीटरमधे घ्यायचीय.

आतकरवाडीतून वर जाणारी पायवाट आहे, ती बघून एमटीबीवाल्यांचे हात शिवशिवतात. ती वाट सोडा. तिथं पहाटेपासून चालणाऱ्यांची रांग असते, म्हातारी माणसं असतात, लहान पोरं असतात, पायऱ्या आहेत. सायकल तिथं न्यायचीच नाही. मग डांबरी रस्त्याला एमटीबी कशाला असं कुणी विचारेल, तर हलका गिअर मिळतो, डिस्क ब्रेक मिळतात, जाड टायर खड्डा आणि खडी सोसतात, आणि आपल्याकडं बहुतेकांच्या घरात आहे तीच सायकल असते. एवढी कारणं पुरे.

गिअरचं गणित

आपल्याकडच्या २१ गिअरच्या एमटीबीला बहुतेक वेळा पुढं सगळ्यात लहान चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) २४ दातांची आणि मागं सगळ्यात मोठी २८ दातांची असते. २९ इंची चाकावर मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर या गिअरवर ताशी ७ किलोमीटर वेग येतो. त्या वेगानं ९ किलोमीटरला सव्वा तास. पहिल्या वेळी सव्वा ते पावणेदोन तास धरून चाला, कमी लागला तर आनंदच आहे. मागं ३४ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बसवता आलं तर तोच गिअर ताशी ६ च्या खाली जातो आणि गुडघ्यांवर केवढा फरक पडतो ते पहिल्या उभ्या वळणावर कळेल. पण ते बसवण्याआधी दुकानात विचारा की तुमचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) एवढं मोठं फ्रीव्हील घेतो का, सगळे घेत नाहीत, आणि चेनची लांबीही बघावी लागते. पुढं एकच चेनरिंगवाली सायकल असेल तर ३२ ला मागं ४२ किंवा त्याहून मोठं असलं की निवांत.

बिनगिअरची, नुसती एमटीबीसारखी दिसणारी सायकल असेल तर मनापासून सांगतो, तिच्यावर हा घाट नको. मित्राची गिअरवाली मागा.

आणखी एक, पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर चढताना लॉक करायचा, नाहीतर जोर लावला की तो वरखाली होत बसतो. उतरायच्या आधी आठवणीनं परत उघडायचा.

सोलापूरात तयारी कशी करायची

दीड-दोन महिने हाताशी ठेवा, आठवड्याला तीन दिवस पुरतात. घाट नाही म्हणून हळहळायचं नाही, आपल्याकडं वारा आहे की. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असा सुटतो की सपाट रस्त्यावर चढ लागल्यासारखं होतं, तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि १० मिनिटं जरा जड गिअरवर, बसूनच, मिनिटाला ५५-६० पायडल ठेवत चालवायचं. मग ५ मिनिटं हलकं. असे तीन फेरे, पुढच्या आठवड्यात चार. उभं राहून चालवायचा मोह टाळा, लांब चढावर ७-८ किलोमीटर बसूनच काढायचे असतात आणि ती सवय पाठीला आणि मांड्यांना आधीच लागली पाहिजे. गावातल्या उड्डाणपुलाच्या फेऱ्या मारणारेही आहेत, चालतं, फक्त पहाटे ट्रॅफिक नसताना.

महिन्याभरानं तुळजापूर. पहाटे अंधारातच निघायचं, हिप्परग्याच्या तलावापाशी उजाडलं पाहिजे, आणि तुळजापूरच्या आधी जो घाट लागतो तो एकदा चढून देवीला नमस्कार करून परत यायचं असं नाही, तो घाट तीन-चार वेळा चढायचा आणि तेवढ्याच वेळा उतरायचा. चढ छोटा आहे, दमायला पुरेसा नाही, पण वळणावर ब्रेक कुठं लावायचा, कुठं सोडायचा, शरीर कसं ठेवायचं हे शिकायला आपल्या जवळची हीच जागा आहे. ट्रकची वर्दळ असते म्हणून उजेड झाल्यावर आणि मागचा लाल दिवा चालू ठेवूनच. नवरात्रात, आणि कोजागिरीच्या आसपास तर बिलकुल नको, सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी सगळा रस्ता भरलेला असतो, त्या दिवसांत रस्ता त्यांचा. येऊन-जाऊन ९० किलोमीटर होतात, ते न कुरकुरता झाले आणि घरी येऊन दुपारी कामं करता आली म्हणजे सिंहगडाला दम पुरतो.

शेतातल्या कच्च्या रस्त्यावर सराव करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा, आपल्याकडची बाभूळ आणि सराटे. काटा टायरमधे अडकून राहतो, इथं हवा जात नाही आणि नेमकी घाटात जाते. जायच्या आदल्या आठवड्यात दोन्ही टायर काढून आतून फडकं फिरवा, बोट नको, काटा असला तर फडकं अडकतं. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर सायकल घालूच नका, चिखल टायर आणि फोर्कमधे असा बसतो की चाक फिरत नाही आणि तोच चिखल ब्रेकच्या पॅडला लागून पॅड खराब होतात.

ब्रेक, सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

सायकल आणि तुम्ही मिळून ९० किलो धरा. ६०० मीटर वरून खाली येताना जेवढी ऊर्जा सुटते ती ५३० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे नळाचं दीड लिटर पाणी उकळून उरेल एवढी. थोडी हवा घेते, बाकीची सगळी तुमच्या ब्रेकमधे उष्णता होऊन जाते. सपाट गावात ब्रेक फक्त सिग्नलला लागतो, त्यामुळं ब्रेक चांगला आहे का वाईट ते वर्षभर कळतच नाही.

पॅड काढून बघा. लोखंडी पट्टीवरचा मसाला १ मिलिमीटरच्या आत आला असेल तर बदला, अजून चालतील असं म्हणत जाऊ नका. नवीन पॅड टाकले तर ते आधी बसवावे लागतात, मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि दाबून जवळपास थांबेपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा पुढच्याला आणि वीसेक वेळा मागच्याला. हे न करता घाटात गेलात तर ब्रेक ओरडतात आणि पकडत नाहीत. चेनला तेल देताना, स्प्रे मारताना रोटरवर (पॅड ज्या चकतीला धरतात तिच्यावर) एक थेंबही उडता कामा नये, तेल प्यायलेला पॅड फेकूनच द्यावा लागतो.

केबलवाले डिस्क ब्रेक असतील तर केबल ओढून बघा, गंजलेली किंवा एखादा तार सुटलेला दिसला तर नवी टाका, फार खर्च नाही. लिव्हर हँडलला टेकत असेल तर ॲडजस्ट करा. हायड्रॉलिक असेल आणि लिव्हर मऊ, स्पंजसारखी लागत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करून, म्हणजे ती हवा काढून घ्या. रिमवर घासणारे जुने व्ही-ब्रेक असतील तर जरा जास्तच जपून, सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि तापलेल्या रिममधे ट्यूब फुटू शकते, म्हणून अशा सायकलवाल्यांनी उतारात दोन-तीनदा थांबून रिम गार होऊ द्यायची.

आणि दुसऱ्याची किंवा भाड्याची सायकल असेल तर पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते चढायच्या आधी बघा. काहींचा उजवीकडं असतो, काहींचा डावीकडं. घाटात घाबरून चुकीचा दाबला तर तोंडावर पडायची वेळ येते.

टायरची हवा: ७० किलोच्या माणसाला २.१ किंवा २.२५ इंची टायरला डांबरावर ३५ ते ४० पीएसआय ठीक. टम्म फुगवून जाऊ नका, रस्त्यावर खडी असली की पकड जाते.

कधी जायचं, कसं जायचं

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात गड दिसतो सुंदर, पण घाटात दरडी पडतात, रस्ता बंद होतो, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही आणि ओल्या वळणांवर शेवाळ आणि सांडलेलं डिझेल असतं. पहिली राइड तेव्हा नको. शनिवार-रविवारही नको, अख्खं पुणं वर भजी खायला येतं आणि घाटात गाड्यांची रांग लागते. एक दिवस रजा टाका, मंगळवार-बुधवार बघा.

सोलापूर-पुणे २५० किलोमीटर, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत. गाडीला कॅरिअर लावून गेलात तर साडेचार-पाच तास धरा. ट्रेननं जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत येते, पण सकाळची गाडी पोचेपर्यंत घाटाची वेळ निघून गेलेली असते, म्हणून आदल्या दिवशी जायचं, मुक्काम करायचा, पहाटे चढायचं आणि त्याच संध्याकाळी परत. सायकल ब्रेक व्हॅनमधून (गाडीच्या सामानाच्या डब्यातून) जाते, स्टेशनच्या पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी जाऊन नियम, पैसे आणि किती आधी यायचं ते विचारून घ्या. सायकलवर नाव-नंबरची चिठ्ठी दोन ठिकाणी, पंप, दिवे, बाटली काढून बॅगेत. उतरवून घेतल्यावर आधी चाक फिरवून बघायचं, व्हॅनमधे दुसरं सामान रेलून रोटर वाकलेला असू शकतो, आणि ते प्लॅटफॉर्मवरच कळलेलं बरं.

मुक्काम शक्यतो खडकवासला किंवा डोणज्याच्या बाजूला करा. पुणे स्टेशनहून सिंहगड रोडनं यायचं म्हणजे पायथ्यापर्यंतच २५ किलोमीटर, आणि तो रस्ता सकाळी लवकर भरतो.

आता वेळा, उलट्या क्रमानं. पायथ्याला ९ च्या आत परत आलंच पाहिजे, कारण त्यानंतर वर येणाऱ्या गाड्या वाढतात. उतरायला सावकाश २५ ते ३० मिनिटं, म्हणजे वरून सव्वाआठ-साडेआठला निघायचं. वर पाऊण तास थांबणार, म्हणजे पावणेआठला पोचायला पाहिजे. चढाला पावणेदोन तास, म्हणजे नाक्यावरून ६ ला चढायला सुरुवात. नाका किती वाजता उघडतो आणि रस्ता चालू आहे ना हे आदल्या संध्याकाळी तिथं विचारून घ्या. थंडीत ६ ला अंधारच असतो म्हणून पुढं चांगला पांढरा दिवा, मागं लाल. आणि एक नियम ग्रुपमधे आधीच ठरवा: ८ वाजेपर्यंत जो वर पोचलेला नसेल त्यानं जिथं असेल तिथून परत फिरायचं. पुढच्या महिन्यात परत येता येतं.

खाणं, पाणी, कपडे

रात्री साधं जेवण, भाकरी-भाजी, वरण-भात. आदल्या दिवशी मुक्कामाला गेलो म्हणून मटणावर ताव मारायचा नाही. पहाटे दोन केळी किंवा थोडे पोहे, चढायच्या तासभर आधी. चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस, एकीत साधं, घोट घोट, तहान लागायची वाट न बघता. खिशात खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू, अर्ध्यावर खायचा. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या, पण चढताना ती घशात अडकते, ती वर पोचल्यावर, मडक्यातलं दही घेऊन. तिथली पिठलं-भाकरीही खा, पण हात आवरून, भरल्या पोटी वाकून उतरायला त्रास होतो. पिशव्या उघड्या ठेवू नका, माकडं आहेत.

कपड्यांत सोलापूरकर हमखास एक गोष्ट विसरतो ती म्हणजे विंडचीटर, कारण आपल्याला ती कधी लागतच नाही. चढताना अंग घामानं भिजतं, आणि त्याच ओल्या अंगानं डिसेंबरच्या सकाळी उतरायला लागलात की बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. कोरडा बनियन वर बदलायचा, त्यावर विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे. विंडचीटर नसलीच तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, जुना उपाय आहे आणि कामी येतो.

हत्यारांमधे एक जादा ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, ॲलन की, चेन तोडायचं टूल आणि जोडायची लिंक. घाटात दुकान नाही.

चढताना

पहिले २ किलोमीटर मुद्दाम हळू. सगळ्यात हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाका, जोर लावून पायडल मारत असताना गिअर बदलला की चेन पडते. बोलता येईल एवढाच दम लागू द्या, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. वळणाच्या आतल्या बाजूला चढ सगळ्यात उभा असतो, गाडी येत नसेल तर आपल्या लेनमधेच जरा बाहेरून घ्या. पुढचं चाक उचलायला लागलं तर कोपर वाकवून छाती हँडलकडं आणा आणि सीटच्या टोकाकडं सरका. थांबायला हरकत नाही, फक्त वळणावर थांबू नका, सरळ तुकड्यावर, रस्त्याच्या डाव्या बाजूला पूर्ण बाहेर.

वर सायकल पार्किंगपाशी कुलूप लावून ठेवा, एकानं थांबावं आणि पाळीपाळीनं आत जावं. दरवाज्यातून पुढं सायकल न्यायची नाही. तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, राजाराम महाराजांची समाधी आहे, १६७० सालच्या त्या रात्रीचा हा गड आहे, तिथं पायी जायचं आणि हेल्मेट हातात घेऊन जायचं.

उतरताना

निघायच्या आधी एक मिनिट: दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघा, टायर चाचपा, चाकाचे क्विक रिलीज (चाक पटकन काढायच्या दांड्या) घट्ट आहेत का बघा, सीट ३-४ सेंटीमीटर खाली घ्या. सीट खाली गेली की वजन खाली जातं आणि मागं सरकायला जागा मिळते.

पायडल आडवे, दोन्ही पाय सारख्या उंचीवर, बूड सीटवरून किंचित उचललेलं, कोपर आणि गुडघे सैल. एक-एक बोट सतत लिव्हरवर. आणि मुख्य गोष्ट, ब्रेक धरून ठेवायचा नाही. सरळ तुकड्यावर वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवायचा, वळणात शिरताना सोडायचा, बाहेर पडल्यावर परत. त्या मधल्या सोडण्यात रोटर गार होतो. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, त्याला घाबरू नका, पण हळूहळू दाबत न्या, झटका नको, आणि खडीवर किंवा ओल्यावर चाक वळलेलं असताना तर नकोच. वळताना बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, डावं वळण असेल तर उजवा पाय. नजर चाकासमोर नाही, वळण जिथं संपतं तिथं.

आंधळं डावं वळण सगळ्यात जास्त जपायचं. खालून वर येणारा गाडीवाला तिथं त्याचं उजवं वळण कापतो आणि थेट तुमच्या लेनमधे येतो. म्हणून डाव्या वळणाला वेग एवढाच की दिसतंय तेवढ्या रस्त्यात थांबता आलं पाहिजे, घंटा वाजवा, ओरडा, लाजायचं काय त्यात. ताशी २० ते २५ च्या वर पहिल्या वेळी जाऊच नका. दोन सायकलींमधे निदान २५-३० मीटर अंतर, एकमेकांना ओव्हरटेक नाही, व्हिडिओ काढत उतरणं नाही. हात दुखायला लागले किंवा लिव्हर आधीपेक्षा आत जायला लागली की लगेच थांबा, ५ मिनिटं ब्रेक गार होऊ द्या. रोटरला हात लावून बघू नका, चटका बसतो, आणि त्यावर पाणीही ओतू नका, रोटर वाकतो.

कुणी पडलंच तर आधी मागून येणाऱ्यांना हात करून थांबवा, मग ११२ किंवा १०८. हेल्मेट घालूनच पडलेला असला तरी डोक्याला मार लागल्याचा संशय असेल तर त्याला परत सायकलवर बसवायचं नाही, जीपनं खाली न्यायचं.

पायथ्याला आल्यावर चहा घ्या, आणि पॅड परत एकदा बघा. दुपारी आराम, आणि पार्सल ऑफिसला गाडीच्या वेळेच्या बरंच आधी पोचा. घरी आल्यावर दोन दिवसांत तीच सायकल घेऊन विजापूर रोडला तासभर हलकी चालवा, गुडघ्यात कुठं दुखतंय का, ब्रेक घासतोय का ते तिथं कळतं, आणि पॅड बदलायचे असतील तर तेव्हाच बदलून टाका.